बाईंची हजेरी

नीला भाषण वाचून दाखवायला एका शब्दात तयार झाली, तेव्हाच घरात कुणाला तरी शंका यायला हवी होती. पंधरा वर्षांत जी सून सुखासुखी कुणाच्या 'हो'ला 'हो' म्हणाली नाही, ती आजच कशी ऐकून घेते, एवढा साधा प्रश्न कुणाला पडला नाही. पडणार तरी कसा? सगळं घर रविवारच्या कार्यक्रमात बुडालेलं. बोरमाळच्या शाळेला दोन नव्या खोल्या झाल्या होत्या, त्या खोल्यांना रेवणप्पा गुरुजींचं नाव लागणार होतं आणि कोनशिला उघडायला लातूरहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. लातूर जिल्हा होऊन उणेपुरे पाच महिने झालेले. उस्मानाबाद होतं तेव्हा साहेब वर्षाकाठी एकदा दिसायचे. आता अंतर कमी झालं, तसे साहेब जरा जास्तच दिसायला लागले होते.

खोल्या बांधल्या होत्या सिद्धलिंगनं. तो गुरुजींचा थोरला मुलगा, नीलाचा थोरला दीर. कंत्राटं घेऊन घेऊन त्याचा जम बसला होता आणि आता नव्या जिल्हा परिषदेवर निवडून जायची हौस त्याच्या अंगात मावत नव्हती. बापाचं नाव द्यायची कल्पनाही त्याचीच. वाईट नव्हती. गुरुजी वारून चार वर्षं झाली तरी बोरमाळमध्ये त्यांच्या नावाला माणसं हात जोडत. ती शाळा त्यांनी वीस वर्षं चालवली, आणि शेवटी शेवटी त्यांच्याच हाताखाली त्यांची धाकटी सून शिकवत होती. म्हणून रविवारी सुनेनं दोन शब्द बोलायचे, असं ठरलं.

शनिवारची सकाळची शाळा आटोपून नीला जळकोटला घरी आली, तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. सिद्धलिंग ओसरीत बसून निमंत्रणं मोजत होता.

"भीमा," तो धाकट्या भावाला म्हणाला, "तिला म्हणावं, काय लिहिलंय ते एकदा वाचून दाखव. साहेबांपुढं खामखा अडखळायला नको."

नीला तीन हातांवर, खांबाशी पदर सावरून उभी होती. तिला ऐकू आलंच होतं. पण थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, तिनंही त्याला थेट उत्तर द्यायचं नाही, हा या घराचा रिवाज. पंधरा वर्षं दोघांचं जे काही बोलणं झालं, ते तिच्या नवऱ्याच्या तोंडून. भीमाशंकरचं बाजारात कापडाचं दुकान होतं, पण घरात तो टपालखातं होता.

"नीला, अण्णा म्हणतेत..." त्यानं निरोप उचलला.

"वाचते," नीला म्हणाली आणि पिशवीतून वही काढली. लाल कापडी पाठीची, कोपरे झिजलेली जुनी वही. तेव्हा तरी कुणी विचारायचं की भाषण नव्या कागदावर असतं, जुन्या वहीत कसं? नाही विचारलं. थोरली जाऊ साखराबाई सुपात गहू निवडत होती. सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या अव्वा, गौरम्मा, भिंतीला टेकून डोळे मिटून होत्या.

नीलानं वाचायला सुरुवात केली, वर्गात वाचतात तशी, सावकाश आणि स्वच्छ.

"'मंगळवार. पट एक्केचाळीस, हजर चौदा. बाकीची मुलं आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. टँकर आला नाही. शाळेत मोठी घागर भरलेली, ती आपल्या मुलांसाठी. बौद्ध वस्तीतल्या मुलांची लहान घागर तीन दिवस कोरडी आहे. दुपारी चौथीतली चांगुणा निवृत्ती सोनकांबळे मोठ्या घागरीत पेला बुडवून पाणी प्यायली. मी तिच्या हातावर पट्टी मारली. मग घागर उचलली आणि सगळ्या मुलांदेखत अंगणात ओतून दिली. उरलेली तेराही मुलं तहानलेली घरी गेली. हेडमास्तर दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. आज मी वर्गात होते, पण हजर नव्हते.'"

तिनं वही मिटली. साखराबाईचा हात सुपातच राहिला. दुष्काळातलं ते बहात्तर साल या घरात सगळ्यांनी पाहिलेलं होतं. एका घागरीसाठी अव्वा पहाटेपासून आडावर बसायच्या, आड उपसून उपसून गढूळ पाणी गाळून घ्यायच्या. त्या वर्षी भरली घागर जमिनीवर ओतणं म्हणजे काय, हे त्या ओसरीत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"भीमा," सिद्धलिंगचा आवाज एकदम बारीक झाला, "विचार तिला. हे उद्या वाचायचं म्हणती का काय ही?"

भीमाशंकरनं तोंड उघडलं, पण निरोप निघायच्या आधीच उत्तर आलं.

"हाव, भाऊजी. हेच वाचणार हाय."

घागरीपेक्षा या दोन शब्दांनी घर जास्त दचकलं, असं म्हटलं तरी चालेल. साखराबाईनं तर कानावरचा पदर मागं सारला. सिद्धलिंग मिनिटभर भावाकडंच बघत राहिला, जणू मघाचं वाक्य त्याच्याकडूनच यायचं राहिलंय. मग त्याचाही रिवाज सुटला.

"अप्पाचं नाव लागून राहिलंय उद्या, आणि तू अप्पाला भर मांडवात उभं करून राहिलीस?"

"अप्पाला न्हाई. मला."

"हेडमास्तर दारात उभे व्हते, म्हणजे कोण? मी उभा व्हतो?"

"अप्पा व्हते. ते बोलले न्हाईत, एवढंच लिहिलंय. त्यांच्या मनात काय व्हतं ते मला ठावं न्हाई, म्हणून लिहिलं न्हाई."

"ह्याला कायदा हाय, मालूम हाय का? तुझ्याच तोंडानं चारशे माणसांत कबूल केल्यावर साहेब काय टाळ्या वाजवील? नोकरी जाईल. वर खटला."

"मालूम हाय. हे पान लिहिलं त्या दिवशीबी मालूम व्हतं."

कायदा मालूम होता, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी तिच्या डोक्यात कायदा नव्हता. त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी हातपाय धुऊन, कपाळाला विभूती लावून पूजेच्या पाटावर बसली. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं. नजर हलू द्यायची नाही, हे लग्नानंतर अव्वांनीच तिला शिकवलं होतं. डोळा हलला की मन हललं, मन कुठं गेलं ते बघायचं आणि हाताला धरून परत आणायचं. पण त्या दिवशी तळहातावर लिंग दिसेना. ओली माती दिसत होती आणि भोवती गोल करून उभी असलेली पोरं. बसवण्णांचं नाव घेणाऱ्या घरची सून, सगळी माणसं एक म्हणून जन्मभर ऐकलेली, आणि तिनं पाणी ओतलं होतं. तिला स्वतःची शिसारी आली. तिनं लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलं, उठली आणि मंगळवारचं ते पान लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की ती रिकाम्या वर्गात दहा मिनिटं बसायला लागली. खुर्चीवर नाही; पोरं बसतात त्या गोणपाटाच्या पट्टीवर, रोज वेगळ्या जागेवर. हजेरीपट भरून झाला की वहीत स्वतःची हजेरी मांडायची. आज मी कुठं होते आणि कुठं नव्हते, एवढाच प्रश्न. पहिलं वर्षभर उत्तरं वाचवत नव्हती. तोंड फळ्याकडं, पाठ पोरांकडं. शेवटच्या ओळीतल्या पोरींना आठवडाभर एकही प्रश्न नाही. घरी सासूशी वाजलं आणि वर्गातल्या विठोबाच्या पाठीत धपाटा. पट्टीच्या उजव्या टोकाला बसल्यावर तिला कळलं की खिडकीच्या उन्हात फळ्याची डावी बाजू दिसतच नाही, आणि ज्या पोरांना ती दगड म्हणत होती, ती सगळी त्याच टोकाला बसणारी होती. दुसऱ्या दिवशी तिनं फळा हलवला. दोन घागरींची एक घागर करायला मात्र तिला दीड वर्ष लागलं, आणि त्यासाठी गावात जेवढं ऐकायचं तेवढं ऐकावं लागलं. तेही वहीत होतं.

राग आला की हात उगारायच्या आधी खडू डाव्या तळहातावर ठेवायचा आणि त्याच्याकडं बघत राहायचं, ही सवय तिला तेव्हा लागली. बोरमाळच्या पोरांना ती पाठ होती. 'बाईंनी खडू हातावर घेतला' म्हटलं की आख्खा वर्ग गप व्हायचा, आणि राग उतरला की बाई हसायच्या.

"दहा वर्षांनी आजच काय अडलं?" भीमाशंकर म्हणाला. निरोप नव्हता हा. त्याचा स्वतःचा प्रश्न होता, आणि तो बायकोच्या बाजूचा नव्हता.

"गुरुवारी शाळेत ऑर्डर आली. नवीन बाई येऊन राहिल्यात, सोमवारपासून. नांदेडला डी.एड. झाल्यात. नाव हाय चांगुणा निवृत्ती सोनकांबळे."

सिद्धलिंगनं निमंत्रणांचा गठ्ठा खाली ठेवला.

"तिला आठवतबी नसंल," सिद्धलिंग म्हणाला.

"मार खाणारा इसरत न्हाई, भाऊजी. मारणारा इसरतो. म्हणून तर लिहून ठेवलं."

"मग जा तिच्या घरी," भीमाशंकर म्हणाला. "माफी माग. मी येतो संगं, हात जोडतो. पण गुपचूप, नीला. चारचौघांत कशाला?"

त्याचं म्हणणं भल्या माणसाचं होतं, आणि तो भला होताच. नीलाला क्षणभर मोह झाला. घरी जायचं, चहा व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि सोमवारी दोघी एका टेबलाशी बसायच्या, जणू काही घडलंच नाही. सोपं होतं.

"ओतलं चारचौघांत," ती म्हणाली. "गुपचूप ओतलं असतं तर गुपचूप माफी मागितली असती."

साखराबाईनं सूप बाजूला ठेवलं, उठली, आणि नीलाच्या हातातली वही जाळातून भाकरी काढावी तशी काढून घेतली. "पानच न्हाई तर वाचती काय? चुलीत जाऊ दे मेलं," म्हणत ती आतल्या घराकडं निघाली. तिला नीलाचं वाईट करायचं नव्हतं. तिच्या थोरल्या लेकीसाठी उदगीरच्या व्यापाऱ्याचं स्थळ बघत होते, आणि घराच्या नावाला बट्टा लागला की आधी लेकी अडतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

नीला मागं धावली नाही. तिनं कमरेला खोचलेला खडूचा तुकडा काढला, डाव्या तळहातावर ठेवला आणि बघत राहिली. घरात हे कुणी पाहिलेलं नव्हतं. भीमाशंकरला वाटलं, बायकोला भोवळ येतेय. अव्वांना मात्र कळलं. त्यांनीच शिकवलेलं ते.

"साखरा," अव्वांनी डोळे उघडले. "ठेव ती वही."

"अव्वा, तुमी मधी पडू नका," सिद्धलिंग म्हणाला.

"मधीच हाय मी. दहा वर्षं झाली." अव्वांचा आवाज चढला नाही, पण साखराबाई उंबऱ्यातच थांबली. "त्या दिवशी तुझा बाप जेवला न्हाई. मला म्हणला, गौरम्मा, पोरीनं घागर ओतली आणि मी बघत राहिलो. पाटलाकडं जाऊन सांगतो, उद्यापासून घागर एकच. मी म्हणले, गप बसा. दुष्काळाचे दिवस, गाव फिरलं तर कुणाच्या दारात जाणार? ते गप बसले. चांगल्या माणसाला मी गप बसवलं. मरेपर्यंत त्यांनी त्या पोरीचं नाव काढलं न्हाई, आणि तिच्या बापासमोरून कधी मान वर करून गेले न्हाईत. तू त्यांच्या नावाचा दगड बसवून राहिलास. बसव. पण त्यांच्या मनात जे राहिलं ते कुणीतरी बोलू दे की."

"तुमीबी, अव्वा?"

"नीला, त्या पानावर माझंबी नाव घाल."

सिद्धलिंग उठला. निमंत्रणांचा गठ्ठा त्यानं काखेत मारला. "उद्याच्या यादीत हिचं नाव न्हाई. आणि बदल्यांच्या याद्या लातूरला बनून राहिल्यात, हे ध्यानात ठेवा. कुठं फेकतेत ते बघूच."

"जरूर बघा," नीला म्हणाली. "जिथं जाईन तिथं वही येईल माझ्यासंगं. पण उद्याचा दिवस बोरमाळचा हाय."

साखराबाईनं वही सुपाशेजारी ठेवली. फाडली नाही, हातातही दिली नाही.

रविवारी सकाळी शाळेच्या अंगणात मांडव पडला. पाटीवर पेंटरनं 'उस्मानाबाद' पुसून 'लातूर' लिहिलं होतं, पण घाईत. उन्हात जुनं नाव खालून दिसत होतं. साहेब आले, हार झाले. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत अव्वा बसल्या होत्या. मागं, हातपंपाशी, निवृत्ती सोनकांबळे पांढरी टोपी घालून लेकीशेजारी उभा होता. लेक कडक इस्त्रीच्या साडीत, काखेत पर्स. नीलानं तिला दुरून ओळखलं नाही. चौथीत सारायची तसे डाव्या हातानं केस मागं सारले तेव्हा ओळखलं.

सिद्धलिंगनं स्वतःच सूत्रं हातात ठेवली होती. सरपंच बोलले, माजी विद्यार्थी बोलले, गुरुजींच्या छडीचीसुद्धा तारीफ झाली. नीलाचं नाव आलं नाही. 'आता साहेबांनी कोनशिला...' असं तो म्हणाला, तशी ती उठली आणि वही घेऊन मंचाकडं चालायला लागली.

"भीमा," सिद्धलिंग माईक बाजूला करून पुटपुटला, "सांग तिला, खाली बस."

भीमाशंकर मंचाच्या पायरीशी उभा होता. बायको समोरून येत होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं.

"अण्णा, तू सांग," तो म्हणाला. "माझ्याच्यानं आता निरोप पोचवणं व्हायचं न्हाई." आणि पायरीवरून बाजूला झाला.

नीला माईकपुढं उभी राहिली. पहिल्या दोन ओळी झाल्या असतील नसतील, सिद्धलिंगनं भोंगेवाल्याला डोळ्यानं खुणावलं आणि माईक बंद पडला. बिचाऱ्याला काय माहीत! चार वर्गांना एका खोलीत बसवून शिकवलेल्या बाईला भोंगा लागतो कशाला? तिनं आवाज चढवला आणि मंगळवारचं पान, खाली घातलेल्या अव्वांच्या नावासकट, हातपंपापर्यंत ऐकू जाईल असं वाचलं. माफी मागते, असं शेवटी म्हणाली. रडली नाही.

मांडवात कुजबुज उठली, कुणी तरी 'बाई, गप्प बसा' म्हणालं, कुणी 'वाचू द्या' म्हणालं. साहेबांनी रुमालानं मान पुसली. "बाई, हे तुम्ही जाहीरपणे बोललात. मला याची नोंद घ्यावी लागेल."

"घ्या, साहेब," नीला म्हणाली. "मी दहा वर्षांपूर्वीच घेतली."

तेवढ्यात मागून वाट झाली. चांगुणा पुढं येत होती. बाप तिला धरायला एक पाऊल पुढं सरला आणि थांबला. ती मंचावर चढली नाही. खालीच, नीलासमोर उभी राहिली. नीलाला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर थुंकेल. दोन्हींची तिनं तयारी केली होती.

"बाई, एक दुरुस्ती हाय," चांगुणा म्हणाली.

"कसली?"

"मी पाणी प्यायले न्हवते. पेला बुडवला, तोंडाला लावायच्या आधी तुमची पट्टी बसली. पेला घागरीतच पडला. तुमी 'प्यायली' लिहिलंय. दहा वर्षं तसंच वाचून राहिलात का?"

एवढी वर्षं पोरांच्या पट्टीवर बसून नीलानं स्वतःला झाडून काढलं होतं, आणि तरी एक गोष्ट तिनं आपल्यापुरती जपून ठेवली होती, की निदान त्या पोरीच्या घशाखाली एक घोट तरी गेला होता. तो दिलासा होता हेसुद्धा तिला आज, तो हातून जाताना कळलं. एकटीनं बसून जेवढं दिसतं तेवढंच दिसतं.

तिनं पेन काढलं. सगळ्यांदेखत 'पाणी प्यायली' यावर आडवी रेघ मारली, वर लिहिलं, 'तहानलेली गेली', खाली तारीख आणि सही केली. मग वाकून वही चांगुणाच्या हातात दिली. चांगुणानं पान वरपासून खालपर्यंत वाचलं, शिक्षक वही तपासतात तसं, घाई न करता. नीला मान खाली घालून उभी होती.

चांगुणानं वही मिटून परत केली. बरं झालं म्हणाली नाही, माफ केलं म्हणाली नाही.

"उद्या साडेदहाला येते," ती म्हणाली. "शाळा सुटल्यावर तुमी बसता, ते ऐकून हाय मी. मीबी बसीन. पण वही माझी मी आणीन."